साधा, पण रोज चालू होणारा

मी कॉम्प्युटर बोलतोय. मांडीवर घ्यायचा नव्हे आणि खिशात घालायचाही नव्हे. टेबलावर तोंड आणि टेबलाखाली पोट असलेला, जागचा न हलणारा, जुन्या पद्धतीचा. इतकी वर्षं लोकांनी मला बोटांनी टोचलं, फडक्यानं पुसलं, प्रसंगी एखादी थोबाडीतही दिली. आज मी बोलतो, तुम्ही ऐका.

माझं मूळ गाव कोणतं, हे विचाराल तर पंचाईत आहे. मदरबोर्ड तैवानचा, हार्ड डिस्क थायलंडची, पंखा चीनचा. देशाची दारं बाहेरच्या मालाला उघडली आणि माझ्यासारख्या सरमिसळ कुळातल्यांची इथे गर्दी झाली. पण माझ्यात जीव आला तो कसबा पेठेत. बाहेर तांबट पातेल्यांवर ठोके घालत होते आणि आत सुखदेवराव माझे स्क्रू पिळत होते.

सुखदेवराव आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, मग आम्ही आलो. माणूस मोजकं बोलणारा. गिऱ्हाईक दारात येऊन म्हणालं, "कॉम्प्युटर बघायचाय," तर ते म्हणत, "बघा." आणि पुन्हा कामाला लागत.

खरं सांगायचं तर त्यांनी मला स्वतःच्या आईसाठी, चंद्रभागाबाईंसाठी जोडलं होतं. एका सकाळी हौसेनं घरी नेलं. संध्याकाळी मी परत दुकानात! आईंनी मला नापास केलं होतं. त्यातल्या त्यात एक बरं होतं, की मी अजून कुणाचाच नव्हतो, त्यामुळे कुणाचंच काही अडलं नाही. फळीवर बसून मी रस्ता बघत राहिलो.

आणि एके दिवशी दुकानात तिघं आली. पुढे तेजस्विनी, खराडीच्या एका आयटी कंपनीत काम करणारी. कंपनी तिला जर्मनीला पाठवत होती. तिच्या मागे तिचा चुलतभाऊ विक्रम, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, डोळ्यांत चमक. आणि सगळ्यांत मागे तिचे वडील दत्तोबा. पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि चेहरा असा, जणू त्यांना दाताच्या डॉक्टरकडे आणलंय.

दत्तोबा वाघोलीचे. जन्म शेतात गेला. मग शेत बिल्डरला गेलं, तिथे बारा मजली सोसायटी उभी राहिली, आणि दत्तोबांना सकाळी उठून करायला काही उरलं नाही. फाटकात उभं राहून सोसायटीत शिरणारे पाण्याचे टँकर बघायचे, एवढंच काम. मुलगी परदेशी निघाली, तर रोज दिसावी तरी, म्हणून ही कॉम्प्युटरची खरेदी.

"काका, हा बघा!" विक्रमनं एक काचेचं खोकं गाठलं होतं. "आतले दिवे बाहेरून दिसतात. ग्राफिक्स कार्ड तर एकदम टॉप!"

"दिवे दिवाळीत लावतात," सुखदेवराव मान वर न करता म्हणाले. "काका गाड्यांचे गेम खेळणार आहेत का?"

"मी खरा ट्रॅक्टर पळवलाय," दत्तोबा म्हणाले. "आता गुडघा नाय म्हनतो."

"विकी, तुला काय हवंय ते नाही, आप्पांना काय लागणार आहे ते बघ," तेजस्विनी म्हणाली. "अक्षरं मोठी दिसली पाहिजेत. आवाज मोठा पाहिजे. कॅमेरा पाहिजे. आणि बिघडला तर मला तिकडून येता येणार नाही."

विक्रम फुरंगटला. दोघं भावंडं रॅम या विषयावर हमरीतुमरीवर आली. आपल्या पासष्टीकडे झुकलेल्या गुडघ्यांवर हात ठेवून दत्तोबा स्टुलावर बसले होते, त्यांना कुणी काही विचारेना. शेवटी त्यांनीच घसा खाकरला.

"सायेब, मला रोज चालू हुनारा पायजे. बाकी तो काय काय करतो, ते त्याचं त्यानं बघावं."

सुखदेवरावांनी पहिल्यांदा मान वर केली. बोलणाऱ्याकडे नीट बघितलं.

"तुमच्या आईसाठी घेतला असता तर कोनता घेतला असता?" दत्तोबांनी विचारलं.

"हा." सुखदेवरावांनी माझ्याकडे बोट केलं. "घेतलाच होता."

"मग हितं कसा?"

"आई नको म्हणाली. शिलाई मशीन हलवावं लागत होतं."

"म्हंजी ह्याच्यात खोट नाय ना?"

"ह्याच्यात नाही. आईत आहे, थोडी."

दत्तोबा खदाखदा हसले. तेवढ्यावर माझं लग्न ठरलं. विक्रमची समजूत काढायला माझ्या गाठीला लाल दिव्याचा माउस बांधण्यात आला, आणि जीपच्या मागच्या सीटवर बसून मी वाघोलीला नांदायला आलो.

दारात विजयमालाबाईंनी, म्हणजे दत्तोबांच्या पत्नीनं, माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळला. माझ्या चालू-बंदच्या बटणावर हळदकुंकू लावलं, ते इतकं सढळ हातानं, की बटण आत गेलं ते दोन दिवस वर येईना. मग क्रोशाची झालर असलेला अभ्रा माझ्या पोटावर चढवला. माझ्या पंख्याचा जीव गुदमरला. पण नव्या घरात पहिल्याच दिवशी तक्रार कशी करणार? शिवाय बाईंना घरातलं प्रत्येक बटण भिंतीपाशी बंद करायची सवय. मी काही म्हणेपर्यंत त्या खटकन माझा श्वास बंद करून स्वयंपाकघरात गेलेल्या असत.

शिकवणी सुरू झाली. तेजस्विनी हुशार, पण धीर कमी.

"आप्पा, डबल क्लिक. लागोपाठ दोनदा."

दत्तोबांनी एकदा दाबलं. बोट उचलून बघितलं. थोडा विचार केला. मग दुसऱ्यांदा दाबलं.

"लागोपाठ हो! दाराची कडी वाजवता तसं."

दत्तोबांनी माझ्या कपाळावर टकटक केली. तेजस्विनीनं डोळे मिटून घेतले. "द्या, द्या इकडे," म्हणत तिनं माउस काढून घेतला आणि भराभर सगळं स्वतःच करून दाखवलं. "कळलं?" दत्तोबा म्हणाले, "कळलं." काहीही कळलं नव्हतं. मला समोरून त्यांचे डोळे दिसत होते ना! आपल्याच मुलीसमोर मठ्ठ ठरलेल्या माणसाचे डोळे होते ते.

पण ती जर्मनीला गेली, आणि गंमत बघा, हिसकावून घेणारं कुणी उरलं नाही, तसे दत्तोबा शिकायला लागले. सकाळी आंघोळ करून, टोपी घालून माझ्यापुढे बसत. चुकत. मला शिव्या देत. पुन्हा करत. माउस टेबलाच्या कडेला पोचला की "आता काय, भिताडात घालू?" असं मला विचारत. एक दिवस त्यांचं त्यांनाच उमगलं, की उचलून परत मधे ठेवायचा असतो. त्या दिवशी त्यांनी विजयमालाबाईंना हाक मारून ते पाचसहा वेळा करून दाखवलं.

आणि मग तो पहिला व्हिडिओ कॉल. तेजस्विनीला तिकडे छताचा पंखा आणि टोपीचं टोक, एवढंच दिसत होतं.

"आप्पा, कॅमेरा खाली करा. अजून. अजून!"

हळूहळू कपाळ आलं, भुवया आल्या, मग अख्खे आप्पा आले. मागून विजयमालाबाई उलथनं हातात घेऊन आल्या आणि लेकीला बघून तशाच उभ्या राहिल्या. बोलणं अर्ध्या मिनिटात संपलं. "जेवलीस का?" "जेवले." "थंडी हाय का?" "आहे." पण "ठेवू का?" असं तिघांपैकी कुणी आधी म्हणेना. दत्तोबांनी उपरण्याच्या टोकानं माझी काच पुसली, म्हणजे खरं तर लेकीचा गालच. तिकडे तेजस्विनीला ते सगळं दिसत होतं.

आता शेजारच्या घराविषयी सांगतो. मधे एक भिंत, आणि भिंतीपलीकडे कोंडीराम.

कोंडीराम आणि दत्तोबा एका शाळेतले, एका विहिरीत पोहायला शिकलेले. शेतंही लागून. मधे एक बांध. एका पावसाळ्यात दत्तोबा म्हणाले, कोंड्यानं माझा बांध कोरला. कोंडीराम म्हणाले, दत्तूनं माझा कोरला. बोलणं बंद झालं. पुढे दोघांची शेतं एकाच बिल्डरकडे गेली, आणि त्या बांधाच्या जागी सोसायटीचा स्विमिंग पूल झाला. बांध पाण्याखाली गेला. भांडण मात्र तरंगत राहिलं.

बायकांचं भांडण कधीच नव्हतं. विजयमालाबाई आणि कोंडीरामांच्या मुक्ताई भिंतीवरून कालवणाच्या वाट्या देत-घेत होत्या, नवऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं हसतही होत्या.

दत्तोबांकडे मी आलो म्हटल्यावर कोंडीरामांचा ऑस्ट्रेलियातला मुलगा संभाजी गप्प कसा बसेल? त्यानं वडिलांना लॅपटॉप पाठवला. चपातीएवढा पातळ, चंदेरी, आणि बोटाचा ठसा घेतल्याशिवाय न उघडणारा. कोंडीराम तो ओट्यावर आणून बसायचे, दत्तोबांना दिसेल असा. दत्तोबा मग माझा आवाज वाढवायचे. उघडलेला मात्र तो लॅपटॉप कधी कुणी पाहिला नाही, आणि त्याचं कारण कोंडीराम कुणाला सांगत नव्हते.

कारण फुटलं एका रविवारी सकाळी. मागच्या दारानं मुक्ताई धावत आल्या, नवी साडी, डोळ्यांत पाणी.

"वैनी, तुमचा कंप्यूटर चालू हाय का वं? आज माझ्या नातीचं बारसं. तिकडं समदे जमलेत आन् आमचं ते येडं उघडंना! ह्यांच्या बोटाला ठसाच उरला नाय म्हनं. जल्मभर नांगर धरला, समदं झिजून गेलं. संभानं फोनवर एक शब्द सांगितला, तो ह्यांनी धा येळा चुकीचा टाकला. आता ते कुलूप लावून बसलंय."

"चालू नसायला काय झालं?" विजयमालाबाई म्हणाल्या. "बोलवा भावजींना. पण लवकर. लाइट जायची वेळ व्हायलीय."

त्या वर्षांत वीज ठरल्या वेळी जायचीच. दत्तोबांनी काही म्हणायच्या आत विजयमालाबाईंनी भिंतीवरचं बटण खटकन दाबलं आणि दत्तोबांना माझ्यापुढच्या खुर्चीत बसवलं. दारात कोंडीराम उभे. टोपी हातात. आत येऊ की नको, हे त्यांच्या पायांना कळत नव्हतं.

दत्तोबांनी माझ्याकडे बघितलं. "कंप्यूटर, सांग त्याला, आत ये. दारात हुभं ऱ्हाऊन वारा अडवू नको."

कोंडीराम आत आले, स्टूल ओढून बसले आणि तेही माझ्याकडेच बघून म्हणाले, "कंप्यूटर, सांग त्याला, मी काय त्याच्यासाटनं आलो नाय. नातीसाटनं आलोय."

माझी अवस्था तुम्हीच समजून घ्या. मी तर अजून पुरता जागाही झालो नव्हतो.

जागा झालो, आणि दत्तोबांना घाम फुटला. इथे मला घरातली एक गोष्ट फोडावी लागतेय. माझं कुलूप उघडायला एक शब्द लागायचा. पहिल्याच दिवशी तेजस्विनी म्हणाली होती, "आप्पा, असा शब्द सांगा, जो तुम्ही झोपेतसुद्धा विसरणार नाही." आणि दत्तोबा विचार न करता म्हणाले होते, "कोंड्याचोर." तिनं हसत हसत तोच इंग्रजी अक्षरांत बसवला होता. काचेवर नुसते ठिपके उमटायचे; पण दत्तोबा एकेक अक्षर शोधून, एका बोटानं, चांगला दाब देऊन लिहिणारे. बघणाऱ्याला अक्षरओळख आणि डोळे असले की पुरे.

"कंप्यूटर, सांग त्याला, मान तिकडं कर."

"कंप्यूटर, सांग त्याला, मान माझी हाय."

"अहो, लाइट जाईल!" विजयमालाबाई ओरडल्या.

दत्तोबांचं बोट उठलं. के. ओ. एन. डी. कोंडीराम टक लावून बघत होते. बँकेत सही इंग्रजीत करायचे ते, एवढी अक्षरं त्यांच्या चांगल्या ओळखीची.

"मुक्ते," ते हळूच म्हणाले, "ह्यो माझं नाव लिवतोय."

वाय. ए.

त्यांचा आवाज पार हलला. "इतकी वर्सं अबोला... आन् रोज सकाळी माझं नाव घिऊन उघडतो व्हय गं हा?"

दत्तोबांना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं असणार. पण अर्धा शब्द टाकून माघार घेता येत नाही. मी तसा उघडतच नाही, त्याला माझा इलाज नव्हता. त्यांनी डोळे बारीक केले आणि पुढची अक्षरं दाबली. सी. एच. ओ. आर.

मी उघडलो.

"चोर," कोंडीराम म्हणाले. ते उठून उभे राहिले. मान ताठ, टोपी डोक्यावर. "चल मुक्ते."

मुक्ताई जागच्या हलल्या नाहीत. उलट पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, आणि मग विजयमालाबाईही. "बसा खाली," मुक्ताई म्हणाल्या. "आधी नातीचं नाव ऐकू द्या. मग तुमी चोर का साव, ते दोघं मिळून ठरवा."

तेवढ्यात दत्तोबांनी लावलेला कॉल लागला आणि माझ्या काचेवर संभाजी आला. मागे पताका, पाळणा, बायकांची लगबग.

"आई, तू अर्धीच दिसतेस! बाबा कुठायत? सगळे जवळ सरका, अजून जवळ!"

माझा कॅमेरा साधा. त्याच्या नजरेत एका वेळी माणसं मावायची ती खांद्याला खांदा लावलेली. कोंडीराम स्टूल घेऊन सरकले. आणखी सरकले. शेवटी त्यांच्या टोपीचं टोक दत्तोबांच्या कानाला टेकलं. तिकडून बायकांनी बाळाला पाळण्याखालून वरून फिरवलं, आत्यानं कानात नाव सांगितलं, टाळ्या झाल्या.

"काय? काय ठिवलं?" कोंडीराम म्हणाले. उजव्या कानानं त्यांना कमी ऐकू यायचं, आणि नेमका तोच कान माझ्याकडे.

"पायल!" संभाजी ओरडला.

"काय? फायल?"

"पायल, बाबा, पायल!"

"पोरीचं नाव फायल?" कोंडीरामांचा चेहरा रडवेला झाला.

दत्तोबांना राहवेना. त्यांनी कोंडीरामांची मान धरून डावा कान आपल्याकडे वळवला आणि शेताच्या दुसऱ्या टोकाला हाक मारावी तसे ओरडले, "पायल! पायल रं कोंड्या! पायातलं पैंजन!"

"पायल व्हय!" कोंडीराम उजळले. "मग तसं म्हन की दत्तू!"

बोलून गेले, आणि दोघंही एकदम माझ्याकडे बघायला लागले. काचेतून संभाजी म्हणाला, "दत्तूकाका? तुम्ही पण आहात?"

"हाय की," दत्तोबा म्हणाले. "मी नसून कसं चालंल?"

विजयमालाबाईंनी मुक्ताईंच्या घरून घुगऱ्या आणून वाटल्या. त्यातला एक हरभरा माझ्या कीबोर्डमध्ये शिरला तो अजून तिथेच आहे. आणि मग ठरल्याप्रमाणे वीज गेली. पाळणा, पताका, पायल, सगळं एका क्षणात मिटलं. काळ्या काचेत उरले दोन म्हातारे चेहरे, खांद्याला खांदा लावून बसलेले.

"बांध तूच कोरलास," कोंडीराम म्हणाले. मला नव्हे.

"तू कोरलास."

"आता तितं पोरं पोहत्यात म्हनं."

"बघितलंस का?"

"नाय. तू?"

"नाय."

दोघं उठले आणि तसेच सोसायटीकडे निघाले. पुढचं मला विजयमालाबाईंच्या तोंडून कळलं. फाटकावरच्या वॉचमननं अडवलं, "किसके पास जाना है?" त्यावर दोघांनी मिळून त्याला असं फैलावर घेतलं, की सोसायटीचा सेक्रेटरी खाली आला आणि त्यानं स्वतः नेऊन पूल दाखवला. बांध नेमका कुठून जायचा, यावर काठावर पुन्हा थोडी जुंपली. पण परत आले ते एकत्रच.

दुसऱ्या दिवशी कोंडीरामांनी मागणी केली, की तो शब्द बदल. रास्तच होतं. तेजस्विनीनं तिकडून हसत हसत सगळी कृती सांगितली. दोघांनी दुपारभर डोकं लावून एक नवा, कुणाला ओळखता न येणारा शब्द ठरवला. तो इतका चांगला ठरवला, की सकाळपर्यंत दोघांनाही आठवेना. शेवटी कसब्यातून सुखदेवरावांना यावं लागलं.

"शब्द कोणता होता?" त्यांनी विचारलं.

"तेच तर," दोघं म्हणाले.

सुखदेवरावांनी माझं कुलूपच काढून टाकलं. तेव्हापासून मी सताड उघडा आहे.

या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. तेजस्विनी परत आली, खराडीला राहते. विक्रमच्या त्या दिवेवाल्या कॉम्प्युटरनं, कारण शेवटी त्यानं तो घेतलाच, दुसऱ्याच वर्षी मान टाकली. आता तर दत्तोबांच्या खिशातही मोबाइल असतो आणि पायल त्यात केव्हाही दिसते. ती उंच झाली आहे आणि दत्तोबांच्या मराठीला हसते. मला चालू व्हायला आता एक चहा होण्याइतका वेळ लागतो. अंगावरचा पांढरा रंग पिवळा पडलाय. तेजस्विनी येते तेव्हा म्हणते, "आप्पा, हा बदला आता." दत्तोबा म्हणतात, "बघू." मी पत्त्यांच्या खेळापुरता उरलो आहे. दत्तोबा खेळतात आणि कोंडीराम शेजारी बसून चुकीचे सल्ले देतात.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगतो. घरातल्या वडीलधाऱ्या माणसासाठी आमच्यापैकी कुणाला घ्यायला जाल, तेव्हा दुकानात त्यांच्यासाठी स्टूल मागा आणि काय हवंय ते त्यांनाच विचारा. शिकवायला बसलात तर त्यांच्या हातातला माउस काढून घेऊ नका. ते भिंतीपर्यंत नेतील. नेऊ द्या. आणि आमच्यासमोर एकच खुर्ची मांडू नका. एकट्या माणसापुढे बसून आम्हालाही कंटाळा येतो.

बास. फाटक वाजलं. कोंडीराम आले, आणि दत्तोबांचा अजून चहाच चाललाय. आता ओसरीवरून शिव्या सुरू होतील, थेट, माझं नाव मधे न घेता.